स्वेतलाना : एका नावाचा खातेउतारा

१९८९ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, मी अधिकारी असलेल्या बँकेच्या शाखेत एक संयुक्त खाते उघडले गेले. खातेदार दांपत्यापैकी पती गावातलेच डॉक्टर. शिष्यवृत्तीवर मॉस्कोला जाऊन वैद्यकीय पदवी घेऊन परतलेले. पत्नी रशियन. डॉक्टरांच्या मातोश्री सोबत आल्या होत्या आणि फॉर्म भरण्याचे काम मी अगत्याने स्वतःकडे घेतले होते. पत्नीचे नाव विचारताच मातोश्रींनीच उत्तर दिले, "आमची सूनबाई श्वेता." मी तेच लिहिले. सूनबाई मध्ये काही बोलल्या. पण त्या वेळी त्यांचे मराठी बेताचे होते आणि माझी घाई मोठी होती. नमुना सहीच्या कार्डावर त्यांनी आपल्या लिपीत सही केली. पहिले अक्षर इंग्रजी 'सी'सारखे दिसले. पुढचे मला वाचता आले नाही. न वाचता येणारी सही फॉर्मवरील नावाशी पडताळून घ्यावी, एवढे साधे भान मला त्या दिवशी राहिले नाही.

दोन-अडीच महिन्यांनी मुंबईहून त्यांच्या भाषांतराच्या मानधनाचा धनादेश आला, तो त्यांनी खात्यात भरला आणि आमच्या शाखेने परत केला. कारण : खात्यावरील नाव व धनादेशावरील नाव जुळत नाही. परतीच्या चिठ्ठीवर सही माझीच होती. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच पारपत्र घेऊन आल्या. म्हणाल्या, "साहेब, घरी श्वेता म्हणतात, मला आवडते. पण कागदावर मी स्वेतलाना आहे." चूक झाकण्यासाठी माणूस विद्वत्ता पाजळतो, तसे मी म्हणालो, "अहो वहिनी, दोन्हींचा अर्थ एकच की!" त्या हसल्या. "अर्थ एकच असेल, पण धनादेश परत आला ना?"

यावर मजजवळ उत्तर नव्हते. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी जे सांगितले, ते गेली पस्तीस वर्षे माझ्या मनात घर करून आहे. त्यांना आणखी एक, तिसरे नाव होते. त्या तान्ह्या असताना आजीने घरात कोणालाही न सांगता त्यांना चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा दिला होता. राजवट धर्माला प्रतिकूल होती, म्हणून चोरून. पण तिथे वेगळीच अडचण निघाली. पाद्रीबाबांच्या संतांच्या यादीत 'स्वेतलाना' नावाची कोणी संत नव्हती. तेव्हा त्यांनी बाळाचे नाव 'फोतिनिया' असे ठेवले. "म्हणजे सरकारात स्वेतलाना, देवाच्या दारी फोतिनिया, आणि सासूबाईंकडे श्वेता," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. एका व्यक्तीच्या नावाच्या तीन दप्तरांत तीन नोंदी. हिशेबनिसाचे कुतूहल जागे व्हायला एवढे पुरेसे होते. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा या एका नावाचा माग काढण्यात मी बरेच दिवस घालवले. त्याचा हा खातेउतारा.

आधी व्युत्पत्ती पाहू. रशियन भाषेत 'स्वेत' म्हणजे प्रकाश, 'स्वेतली' म्हणजे उजळ, तेजस्वी. त्याला स्त्रीलिंगी शेपूट जोडून 'स्वेतलाना' तयार झाले. उच्चार काटेकोर करायचा तर 'स्व्येतलाना'. 'स्वेत' आणि आपला 'श्वेत' यांचे साम्य हा योगायोग नव्हे. दोन्ही शब्द एका मूळ घराण्याचे आहेत. त्या आदिम भाषेतील एक विशिष्ट 'क'सारखा ध्वनी संस्कृतात 'श' झाला आणि स्लाव भाषांत 'स'. आपल्या 'दश'ला रशियन माणूस 'देस्यत' म्हणतो, ते याच नियमाने. इंग्रजी 'व्हाइट' हा याच घराण्यातला, पण रूप फार बदललेला भाऊबंद. अर्थात मात्र थोडी वाटणी झाली. संस्कृतने शुभ्रता राखली, स्लाव भाषांनी उजेड. श्वेतांबर या शब्दातील पहिला अर्धा भाग मॉस्कोच्या रस्त्यावर उच्चारला, तर ऐकणाऱ्याला पांढऱ्या वस्त्राची नव्हे, दिव्याची आठवण होईल.

रशियन 'स्वेत' या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे : जग. जगभर भटकून आला हे सांगताना रशियन माणूस तोच शब्द वापरतो, जो दिवा लावताना वापरतो. आपल्याकडेही 'लोक' आणि 'आलोक' एकाच धातूपासून आले आहेत आणि रोज लोगस्स म्हणणाऱ्या वाचकाला जग आणि प्रकाश यांचे हे साहचर्य परके वाटणार नाही. येथे एक सावधगिरी सांगून ठेवतो, कारण मी स्वतः फसलो होतो. रशियन इतिहासात 'स्व्यातोस्लाव' नावाचे राजे भेटतात. त्यातील 'स्व्यात' म्हणजे पवित्र; त्याचा प्रकाशाशी संबंध नाही. तो शब्द अवेस्तातील 'स्पेंत'चा सगोत्र आहे, जो पारशी शेजाऱ्यांच्या दुकानांच्या व इमारतींच्या पाट्यांवर अजून दिसतो. ऐकायला जवळचे, पण घराणी निराळी.

इतके वाचल्यावर कोणालाही वाटेल की स्वेतलाना हे अतिप्राचीन नाव असणार. व्होल्गाकाठच्या कुठल्याशा आद्य मातेचे. मलाही तसेच वाटले होते. वस्तुस्थिती अशी की हे नाव जेमतेम सव्वादोनशे वर्षांचे आहे आणि ते एका कवीने टेबलाशी बसून घडवले.

त्या कवीचे नाव अलेक्सांद्र वोस्तोकोव्ह. १८०२ मध्ये त्याने प्राचीन रशियाच्या पार्श्वभूमीवर एक काव्यकथा लिहिली, 'स्वेतलाना आणि म्स्तिस्लाव'. नायकाचे नाव जुन्या राजांच्या वंशावळीत सापडणारे. नायिकेसाठी मात्र तसे शोभणारे नाव त्याला हवे होते आणि ते त्याने जुन्या धाटणीचे वाटावे अशा बेताने नवेच बनवले. हा मनुष्य पुढे स्लाव भाषांचा मोठा पंडित झाला. गंमत म्हणजे त्याचे स्वतःचे नावही घडवलेलेच होते. तो एका बाल्टिक-जर्मन सरदाराचा अनौरस पुत्र. त्याला दिलेले आडनाव 'ओस्टेनेक'. जर्मन 'ओस्ट' म्हणजे पूर्व. त्याचे त्याने रशियन भाषांतर केले, 'वोस्तोक', आणि स्वतःला वोस्तोकोव्ह म्हणवून घेतले. वडिलांचे नाव ज्याला उघडपणे लावता आले नाही, त्याने एका संपूर्ण देशातील मुलींसाठी नाव निर्माण करून ठेवले.

वोस्तोकोव्हची कथा मागे पडली. नाव घराघरांत नेले ते वासिली झुकोव्स्की या कवीने. १८१३ मध्ये त्याची 'स्वेतलाना' ही कथाकविता प्रसिद्ध झाली. त्याआधी १८०८ मध्ये त्याने 'ल्युदमिला' लिहिली होती, जर्मन कवी बर्गरच्या एका गाजलेल्या कवितेवरून. तीत युद्धावरून न परतलेला प्रियकर मध्यरात्री घोड्यावरून येतो, नायिकेला घेऊन जातो आणि कबरीपाशी कळते की तो मेलेला आहे. 'स्वेतलाना'मध्ये झुकोव्स्कीने तेच कथानक घेतले आणि त्याला रशियन घराचे अंगण दिले. नाताळानंतरच्या सणाच्या दिवसांतील शेवटची रात्र. गावातल्या मुली आपले लग्न कोणाशी होणार याचे शकुन पाहत आहेत. कोणी जोडा फाटकाबाहेर फेकते, कोणी मेण वितळवते. वर्षभर प्रियकराची खबर नसलेली स्वेतलाना उदास आहे. मैत्रिणींच्या आग्रहावरून ती मध्यरात्री आरशासमोर मेणबत्ती लावून, दोघांचे पान मांडून बसते. तो येतो. बर्फातून घसरगाडी धावू लागते. वाटेत चर्च, आत शवपेटी. पुढे एकाकी झोपडी, तिच्यात पांढऱ्या कापडाखाली प्रेत. प्रेत उठू लागते तेव्हा एक कबुतर मुलीचे रक्षण करते. आणि मग कोंबडा आरवतो, आरशासमोर डोळा लागलेल्या स्वेतलानाला जाग येते, आणि दारात जिवंत, सुखरूप प्रियकराची गाडी थांबते.

मूळ जर्मन कथेतील मृत्यू कवीने स्वप्नात ढकलला आणि जाग आल्यावर उजेड ठेवला. नायिकेचे नाव सार्थ ठरले ते या शेवटाने. नुसता शब्दाचा अर्थ चांगला असल्याने नाव चालत नाही. त्यामागे लोकांना आवडलेली कथा लागते, हे मला येथे पटले. या कवितेचा रशियन वाचकांवरील प्रभाव किती होता, तर पुश्किनने 'येवगेनी ओनेगिन'मध्ये आपल्या तात्यानाच्या स्वभावाची तुलना स्वेतलानाशी केली आणि पाचव्या प्रकरणाच्या शिरोभागी याच कवितेतील ओळी घातल्या. चित्रकार कार्ल ब्र्युलोव्ह याने १८३६ मध्ये आरशासमोर बसलेली स्वेतलाना रंगवली. 'अर्झामास' नावाच्या साहित्यिक मंडळात सभासद एकमेकांना झुकोव्स्कीच्या कवितांतील नावांनी हाक मारीत. त्यात खुद्द झुकोव्स्कीचे टोपणनाव होते 'स्वेतलाना'. धष्टपुष्ट कवीला मित्र भरसभेत मुलीच्या नावाने हाक मारीत आहेत, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे.

ही कविता झुकोव्स्कीने आपली नात्यातील भाची अलेक्सांद्रा प्रोतासोवा हिला विवाहाची भेट म्हणून अर्पण केली होती. तिच्या परिचयातील मंडळी तिलाच स्वेतलाना म्हणू लागली. कवितेतील नायिकेला सुख लाभले. या स्वेतलानाच्या वाट्याला ते आले नाही. तिचा संसार दुःखाचा झाला आणि १८२९ मध्ये, पस्तिशीही न गाठता, ती परदेशात निवर्तली.

आता या कहाणीतील मला सर्वांत रोचक वाटलेला भाग. इतके लोकप्रिय झालेले हे नाव पुढील शंभर वर्षे कोणत्याही मुलीला अधिकृतपणे मिळू शकले नाही. त्या काळी रशियात जन्माची नोंद चर्चकडे असे. बाप्तिस्म्याचे नाव संतांच्या पंचांगातूनच घ्यावे लागे. पुष्कळदा मूल ज्या सुमारास जन्मले त्या दिवसांतील संताचे. आपल्याकडे नक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघते, पण त्या अक्षराचे नाव शोधण्याची मोकळीक आई-आत्याला असते. तिथे यादीबाहेर जाण्यास वावच नव्हता. कवीने कल्पिलेली मुलगी संत नव्हती. त्यामुळे खानदानी घरांत एखादीला लाडाने स्वेतलाना म्हटले, तरी नोंदवहीत ती अलेक्सांद्रा किंवा मारियाच राही.

मग हे नाव गेले कुठे? ज्यांचा बाप्तिस्मा होत नाही, त्यांच्याकडे गेले. १८५८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे रशियन आरमारासाठी बांधलेल्या युद्धनौकेचे नाव 'स्वेतलाना' ठेवण्यात आले. १८७३ मध्ये ती झारच्या एका राजपुत्राला घेऊन पॅसिफिक किनाऱ्यावरील व्लादिवोस्तोक बंदरात आली. त्या प्रसंगी शहराच्या मुख्य रस्त्याला 'स्वेतलान्स्काया' हे नाव मिळाले. पुढे सोव्हिएत काळात तो लेनिनचा रस्ता झाला आणि १९९२ मध्ये पुन्हा स्वेतलान्स्काया. तेच नाव धारण करणारी दुसरी युद्धनौका १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत जपान्यांनी बुडवली.

आणि आपल्या वाचकांच्या विशेष आवडीची गोष्ट म्हणजे, हे नाव व्यापारी चिन्हही झाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमधील एका कारखान्याने विजेचे दिवे 'स्वेतलाना' या नावाने बाजारात आणले. दिव्याला प्रकाशकन्येचे नाव! रशियन भाषेत 'प्रकाशाचा तापदीप' या अर्थाच्या तीन शब्दांची आद्याक्षरे जोडली तरी नेमके हेच नाव बनते, असे तिथले लोक कौतुकाने सांगतात. ग्राहकाला आधीच प्रिय असलेला शब्द, मालाला चपखल बसणारा अर्थ, आणि कोणाचीही मालकी नसलेले नाव. कर्जप्रकरणांच्या फायलींत मी शेकडो छापांची नावे पाहिली, इतके बिनखोट क्वचित पाहिले. हा कारखाना पुढे रेडिओच्या निर्वात नळ्या बनवू लागला. जुन्या पद्धतीचे ध्वनिवर्धक वापरणारे शौकीन त्या नळ्यांची नावाजणी करतात.

मुलींना हे नाव मिळाले ते क्रांतीनंतर. डिसेंबर १९१७ च्या फर्मानाने जन्म-विवाहाच्या नोंदी चर्चकडून काढून सरकारी कचेरीकडे दिल्या गेल्या आणि संतांची यादी एका फटक्यात गैरलागू झाली. उत्साही पालकांनी काय काय नावे ठेवली! ऑक्टोबर क्रांतीवरून 'ओक्त्याब्रीना', व्लादिमिर लेनिन जोडून 'व्लादलेन', लेनिनची अक्षरे उलट लावून 'निनेल'. या गर्दीत स्वेतलाना हे नाव दोन्ही पक्षांना चालण्यासारखे होते. संताचे नव्हते म्हणून नव्या राजवटीला खुपत नव्हते. आणि झुकोव्स्कीची कविता पाठ असलेल्या आजीलाही ते खटकत नव्हते. स्टालिनने १९२६ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीचे नाव स्वेतलाना ठेवले म्हणून ते लोकप्रिय झाले, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पुरते पटत नाही. त्याचा सहकारी बुखारिन याची मुलगीही स्वेतलानाच होती आणि ती आधी जन्मलेली. मोलोतोव्हच्या मुलीचेही नाव तेच. वारा आधीच वाहू लागला होता. बालसाहित्यिक अर्कादी गैदार याच्या १९३६ मधील 'निळा पेला' या गोष्टीतही वडिलांचा हात धरून भटकंतीला निघणारी चिमुरडी स्वेतलानाच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर वर्गावर्गांत दोन-तीन स्वेतलाना असू लागल्या.

चर्चनेही अखेर वाट काढली. ग्रीक भाषेत 'फोस' म्हणजे प्रकाश. विहिरीवर येशूशी बोलणारी शोमरोनी स्त्री पुढे संत 'फोतिनी' म्हणून पूजिली गेली. तिचे नाव अर्थाने तेच. म्हणून बाप्तिस्म्याला आलेल्या स्वेतलानाला फोतिनिया मानून घेण्याची रीत पडली. आमच्या खातेदार बाईंच्या आजीने भेटलेल्या पाद्रीबाबांनी आडमुठेपणा केला नव्हता, भाषांतर केले होते. अगदी वोस्तोकोव्हने स्वतःच्या आडनावाचे केले तसे. येलेना दुशेच्किना या पीटर्सबर्गच्या विदुषीने या एकाच नावाच्या सांस्कृतिक इतिहासावर संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे, तो २००७ मध्ये प्रकाशित झाला.

प्रत्यक्ष वापराबद्दल थोडे. रशियन व्यक्तीचे पूर्ण नाव तीन पदांचे असते : स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. आपल्या महाराष्ट्रातील रीतीसारखेच. म्हणून आपल्या फॉर्मचे रकाने रशियन माणसाला बिनबोभाट भरता येतात. फरक असा की इवानची मुलगी 'इवानोव्ना' ही लग्नानंतरही इवानोव्नाच राहते; मधले नाव पतीचे होत नाही. डॉक्टरांच्या घरी यावरून सासू-सुनेत थोडी ओढाताण झाल्याचे मला नंतर कळले. शिक्षिका, अधिकारी किंवा वडीलधारी स्त्री यांना नुसत्या नावाने हाक मारणे तिथे असभ्य. नाव आणि वडिलांचे नाव मिळून संबोधायचे, हा त्यांचा 'अहो'. घरात आणि मैत्रिणींत मात्र स्वेतलानाची 'स्वेता' होते, अधिक लाडाने 'स्वेतोच्का', आणि रागावल्यावर 'स्वेत्का'. आपली सूनबाई श्वेता आहे असे मातोश्रींनी सांगितले, ते त्यांनी मनाने रचले नव्हते. मुलाच्या तोंडून त्यांनी जे ऐकले, ते त्यांना ओळखीचे वाटले, इतकेच.

शेजारच्या भाषांत नावाची रूपे बदलतात. युक्रेनमध्ये 'स्वित्लाना', बेलारूसमध्ये 'स्व्यात्लाना'. बल्गेरिया-सर्बियात मूळ रूप कायम. २०१५ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या स्वेतलाना अलेक्सियेविच यांचा जन्म युक्रेनमधला, वडील बेलारूसचे, आई युक्रेनची, लेखन रशियन भाषेत. त्यामुळे तिन्ही रूपांवर त्यांचा हक्क पोहोचतो. आणखी एका स्वेतलानाचा आपल्या देशाशी निसटता संबंध आहे. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा ज्या साल्युत-७ अंतराळस्थानकात राहून आले, तिथेच त्याच वर्षी २५ जुलैला स्वेतलाना सावित्स्काया यानाबाहेरच्या पोकळीत उतरल्या. यानाबाहेर काम करणारी ती जगातील पहिली स्त्री.

आज रशियात जन्मणाऱ्या मुलींची नावे सोफिया, अन्ना, मारिया, एवा अशी असतात. संतांच्या यादीतील नावे परतली आहेत. स्वेतलाना हे आता आईच्या किंवा आजीच्या पिढीचे नाव वाटते. आपल्याकडे कुसुम, नलिनी, सुलभा वाटावे तसे.

राहिली ती स्टालिनची मुलगी. तिची गोष्ट मी शेवटी ठेवली, कारण नोंदवहीने तिला जितके छळले तितके क्वचितच कोणाला छळले असेल. वडिलांच्या मृत्यूनंतर तिने त्यांचे आडनाव सोडले आणि आईचे 'अलिलुयेवा' घेतले. १९६३ मध्ये मॉस्कोच्या एका रुग्णालयात तिची ब्रजेश सिंह यांच्याशी ओळख झाली. उत्तर प्रदेशातील गंगाकाठच्या कालाकांकर संस्थानच्या घराण्यातील हे गृहस्थ, विचाराने साम्यवादी, प्रकृतीने खंगलेले. दोघांना विवाह नोंदवायचा होता. सोव्हिएत नेतृत्वाने परवानगी नाकारली. क्रांतीने चर्चकडून काढून घेतलेल्या नोंदवहीवर आता दुसऱ्याच कोणाचा हात होता. ३१ ऑक्टोबर १९६६ रोजी ब्रजेश सिंह मॉस्कोत वारले. कागदोपत्री ती त्यांची कोणीच नव्हती, तरी अस्थी घेऊन भारतात जाण्यास तिला अनुमती मिळाली. डिसेंबरात ती आली, कालाकांकरला राहिली आणि तिथून हलेना. भारतात राहू द्यावे अशी तिची इच्छा होती. सरकारला मॉस्कोची नाराजी ओढवून घ्यायची नव्हती. परतीचे विमान दोन दिवसांवर आले असता, ६ मार्च १९६७ च्या संध्याकाळी, ती दिल्लीतील अमेरिकन दूतावासाच्या पायऱ्या चढली. त्याच रात्री तिला रोमच्या विमानात बसवण्यात आले.

त्याच वर्षी तिच्या आठवणींचे पुस्तक निघाले. मिळालेल्या पैशांतून तिने कालाकांकरला ब्रजेश सिंहांच्या स्मरणार्थ रुग्णालय उभारण्यास साहाय्य केले. जे नाते नोंदवले गेले नव्हते, त्याची ती नोंद म्हणायची. १९७० मध्ये अमेरिकेत तिने विल्यम वेस्ली पीटर्स या वास्तुविशारदाशी विवाह केला. तो टिकला नाही. पण त्या लग्नाने दिलेले नाव तिने अखेरपर्यंत वापरले : लाना पीटर्स. तिचे नाव लहान करताना रशियन माणसे पुढचा भाग ठेवीत, 'स्वेता'. तिने मागचा ठेवला. 'स्वेत' म्हणजे प्रकाश. 'लाना' या तुकड्याला रशियन भाषेत स्वतःचा काही अर्थ नाही. २२ नोव्हेंबर २०११ रोजी विस्कॉन्सिन राज्यात ती निवर्तली, तेव्हा अमेरिकन कागदपत्रांवर तेच नाव होते.

आमच्या शाखेतील बाईंचे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्या दिवशी मी पासबुकावरील 'श्वेता' खोडून वर शुद्ध नाव लिहिले आणि नियमाप्रमाणे बाजूला आद्याक्षरी केली. त्यांनी पासबुक उलटून पाहिले आणि शांतपणे परत माझ्यापुढे ठेवले. खोडलेले नको, नवे हवे. नियमात नवे पासबुक देण्याचे कारण बसत नव्हते. मी "जुने जीर्ण झाले" असा शेरा मारून नवे दिले. अडीच महिन्यांचे पासबुक!

पुढे माझी बदली झाली. शाखा संगणकावर आल्या, तेव्हा जुनी सहीची कार्डे यंत्रावर चढवण्याचे काम सुरू होते. एका सकाळी त्या गावाहून नव्या पिढीतील एका लिपिकाचा मला दूरध्वनी आला. जुन्या कार्डावर एक सही आहे, कोणत्या लिपीत आहे कळत नाही, खाली सत्यापनाची सही आपली दिसते, तर नाव काय भरू, सर? मी त्याला म्हणालो, पहिले अक्षर 'सी'सारखे दिसते ना, ते 'स' वाचायचे. आता पुढची एकेक सांगतो, लिहून घ्या.